शल्यशिक्षण : दुरून आणि जवळून

रुग्णालयाचे सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्याकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. व्याख्याने आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची चित्रणे आता पडद्यावर कोठूनही पाहता येतात. मग तरुण डॉक्टरांना शिकविण्यासाठी ज्येष्ठ शल्यविशारदाने शेजारी उभे राहण्याची आवश्यकता उरली आहे काय? हा प्रश्न खर्चाचा आहे, तसाच रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे. म्हणून त्याचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

हाताला वळण लावण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात शिष्याने कोहळा, दुध्या व काकडी यांवर छेदनाचा, पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदनाचा आणि जाड-पातळ वस्त्रांवर सीवनाचा सराव करावा, असे सांगितले आहे. केवळ ग्रंथ मुखोद्गत असणे पुरेसे नाही, हा त्यातील आशय आजही तितकाच खरा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट करण्यात आले. ज्यांनी आधी संगणकीय आभासी यंत्रावर सराव केला होता, त्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडविण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले आणि त्यांच्या चुकाही सुमारे सहापटीने कमी झाल्या.

पित्ताशयाचेच उदाहरण पुढे नेऊ. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. या शस्त्रक्रियेतील मोठा धोका म्हणजे मुख्य पित्तनलिकेस इजा होणे. अशा २५२ घटनांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, ९७ टक्के प्रसंगी मूळ कारण दृष्टिभ्रम हे होते. एक नलिका दुसरी समजली गेली होती. हाताच्या कौशल्यातील उणीव केवळ ३ टक्के प्रसंगी दिसली. येथे दूरशिक्षणाचे खरे सामर्थ्य ध्यानात येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शस्त्र चालविणाऱ्यास जे चित्र दिसते, तेच शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या गुरूलाही दिसू शकते. ‘थांबा, ही नलिका कापू नका, आधी तिच्याभोवतीची जागा मोकळी करा,’ असे तो वेळीच सांगू शकतो.

परंतु पडद्याच्या मर्यादाही आहेत. ऊतक किती ताणले आहे, टाका किती घट्ट बसला आहे, हे बोटांना कळते. चित्रातून त्याचा केवळ अंदाज येतो. शिवाय अकस्मात रक्तस्राव झाला, तर दूरच्या गुरूला शस्त्र हाती घेता येत नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील एका महिलेचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढले. आज्ञा पोहोचून चित्र परत येण्यास सरासरी १५५ सहस्रांश सेकंद इतकाच अवधी लागत होता. तरीही रुग्णाच्या शेजारी शल्यविशारद सज्ज ठेवलेले होते, हे विसरून चालणार नाही.

यावरून आम्ही असा क्रम योग्य मानतो. शरीररचना, शस्त्रक्रियेचे टप्पे आणि झालेल्या शस्त्रक्रियांच्या चित्रणांची चिकित्सा पडद्यावरून शिकवावी. त्यामुळे लहान गावातील विद्यार्थ्यालाही उत्तम शिक्षक लाभतो. हाताचा सराव सराव-पेटीवर करावा. त्याचे परीक्षण दुरूनही होऊ शकते. रुग्णाच्या शरीरावर मात्र शिकाऊ डॉक्टराने पहिले पाऊल टाकताना ज्येष्ठ शल्यविशारद हात धुऊन टेबलाशी उभा असलाच पाहिजे. शस्त्रक्रियेचे चित्रण बाहेर पाठवायचे असल्यास रुग्णाची संमती आधी घेतली जावी आणि त्याची ओळख गुप्त राहावी.

‘शिकाऊ डॉक्टर आमच्या माणसावर हात साफ करून घेतात काय?’ ही आप्तेष्टांच्या मनातील शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर केवळ आश्वासनाने देता येत नाही. ते व्यवस्थेनेच द्यावे लागते. देणगीदारांनाही आमची नम्र विनंती आहे की, पडदा आणि कॅमेरा यांना साहाय्य करताना सराव-पेटीचा आणि शिकविण्यासाठी राखून ठेवलेल्या गुरूच्या वेळेचाही विचार व्हावा. यंत्राचे मोल पावतीवर दिसते; शेजारी उभ्या राहिलेल्या गुरूचे मोल रुग्ण सुखरूप घरी परततो तेव्हा कळते.