नेमून दिलेल्या विटा

शास्त्रभाग : निर्गम ५, अनुवाद ५:१२-१५, १ राजे १९:१-१८

हा पाठ प्रौढांच्या वर्गासाठी आहे. तथापि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तो प्रथम स्वतःसाठी वाचावा, असे आम्ही सुचवितो. पांढुर्णा व सौसर भागातील आपले पुष्कळ शिक्षक सहा दिवस नोकरी करतात आणि सातव्या दिवशी मुलांपुढे उभे राहतात. कोणी सरकारी शाळेत आहेत, कोणी अंगणवाडीत, कोणी दवाखान्यात, कोणी बँकेत. कोणी बोरगावच्या कारखान्यांत पाळीने जातात. शिकलेली काही मुले पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कंपनीचे काम घरच्या माडीवर बसून करतात.

आपल्या भागातील नोकरदाराचे ओझे थोडे निराळे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले व आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी व कचेरीत हिंदी असा संसार तेव्हापासून चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर तालुका त्यात आला, आणि साहेबांची कचेरी जवळ आली. पण आता साहेबाला जवळ असण्याची गरजच उरलेली नाही. तो खिशात असतो.

१ जुलै २०२५ पासून मध्य प्रदेशातील सरकारी शिक्षकांना मोबाईलवरील ‘हमारे शिक्षक’ या अ‍ॅपवर हजेरी लावावी लागते. आपण शाळेच्या जागी आहोत हे फोनने सांगायचे. सातपुड्याच्या कुशीतल्या गावी नेटवर्क नसले, तर शिक्षक वर्गात असूनही कागदोपत्री गैरहजर! काही शिक्षकांनी जबलपूरच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. शाळेत पाऊल न टाकता पगार उचलणारेही होते, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांच्यावर नजर हवीच होती. परंतु चोरासाठी केलेले कुलूप प्रामाणिक माणसाच्या दाराला बाहेरून लावले, तर त्याचा जीव गुदमरणारच.

अंगणवाडी सेविकांची गोष्ट याहून कठीण. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ आले. मुलांची वजने, उंची, आहार सारे त्यात भरायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन निकृष्ट आहेत आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. २०२५ मध्ये शिधा देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पटविण्याचीही अट आली. आधी पोराला भरवावे की आधी फोटो काढावा, असा प्रश्न त्या बाईपुढे उभा राहतो.

आता निर्गमाचा पाचवा अध्याय उघडा. फारोने भुसा देणे बंद केले. भुसा लोकांनी गोळा करावा, पण नेमून दिलेल्या विटांची संख्या तीच राहावी, असा हुकूम काढला. लोकांनी गाऱ्हाणे केले तेव्हा त्याने त्यांना आळशी ठरविले. एका गोष्टीकडे वर्गाचे लक्ष अवश्य वेधावे. चौदाव्या वचनात मार कोणाला बसतो? मिसरी मुकादमांनी लोकांवर जे इस्राएली नायक नेमले होते, त्यांना. ते आपल्याच लोकांतले, वरून हुकूम घेणारे व खाली पुरवून देणारे. आजचा मुख्याध्यापक, शाखाधिकारी, पर्यवेक्षिका, टीम लीडर, सगळे याच जागी उभे आहेत. आपल्या वर्गात असा कोणी असेल, तर त्याला फारोच्या बाकावर बसवू नये. तोही मार खाणाराच आहे.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते, पण कारण निराळे दिले आहे. निर्गमात ते सृष्टीच्या उत्पत्तीचे आहे. येथे मिसरातल्या दास्याची आठवण आहे. आपल्याप्रमाणेच दासाला व दासीलाही विसावा मिळावा, असा हेतू स्पष्ट सांगितला आहे. ज्यांनी विटा मोजून दिल्या, त्यांनी दुसऱ्याच्या विटा मोजू नयेत. म्हणून आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी आहे काय, हा प्रश्न या पाठाच्या बाहेरचा नाही.

रविवारची सुटी मिशनरी साहेबांनी आणली, असा समज आपल्यांत आहे. सरकारी कचेऱ्यांपुरते काहीही असो, गिरणी कामगाराला ती एका सत्यशोधकाने मिळवून दिली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले व त्यात साप्ताहिक सुटी मागितली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली व तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही ती आहे. असे असता ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळेच सांगतो : ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सनदी लेखापाल नोकरीच्या चौथ्या महिन्यात मरण पावली. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्राने कळविले. कंपनीने ते मान्य केले नाही. ते पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. आपलीही मुले पुण्यातच आहेत. रात्री फोनवर ती ‘ठीक आहे’ म्हणतात, आणि आपण तेवढ्यावर निजतो.

आता एलीयाकडे वळू. कर्मेल डोंगरावर एवढे सामर्थ्य पाहिलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने पळाला व रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. मंडळीत कोणी असे बोलले की आपण लगेच म्हणतो, विश्वास कमी पडला, प्रार्थना वाढवा. देवाने काय केले ते पाहावे. त्या झुडपाखाली बोध नाही, दटावणी नाही. एलीया झोपला. दूताने उठवून भाकर व पाणी दिले. तो पुन्हा झोपला. पुन्हा अन्न दिले, कारण वाट त्याला झेपण्यापलीकडची होती. होरेबास पोहोचल्यावर देवाने विचारपूस केली, आणि एलीयाने तीच रड दोनदा सांगितली तरी ती ऐकून घेतली. शेवटी अलीशा हा सोबती दिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या या थकव्याची नोंद केली. तिने त्याला रोग म्हटले नाही. नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम आहे, असे म्हटले. झोप उडणे, कामाविषयी तिटकारा वाटणे, हातून काहीच होत नाही असे वाटणे, ही त्याची चिन्हे दिसू लागली की माणूस हाकेच्या अंतरावर असतो. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर मात्र वेळ दवडू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तो विनामूल्य आहे व रात्रीही चालतो. औषध घेणाऱ्या बंधुभगिनीकडे आपण मधुमेहाच्या रोग्याकडे पाहतो तसेच पाहावे.

वडीलमंडळापुढे एक अडचणीची गोष्ट ठेवतो. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर रात्री अकराला निरोप येतो : उद्या सकाळी सातला सभा, सर्वांनी ‘होय’ लिहावे. ज्याने ते लिहिले नाही, त्याची नोंद होते. १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोनपासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्याने आहे. तसेच विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही, पण मंडळीला ठराव करण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही. रात्री नऊनंतर निरोप नाही, आणि प्रत्येक शब्बाथशाळा शिक्षकाला तीन महिन्यांतून एक रविवार मोकळा. त्या दिवशी वर्ग दुसऱ्याने घ्यावा. कोणी घ्यावा, हे येत्या सभेतच नावानिशी ठरवावे.