मेंदूचं ऐकून चालणारी वीज

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, आपल्यापैकी अनेकांनी घरात किंवा ओळखीत पाहिला असेल. हात थरथरतो, अंग आखडतं, पाऊल उचलता उचलत नाही. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडल्यामुळे हे होतं. सुरुवातीला गोळ्यांनी चांगला गुण येतो. पुढे गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो.

अशा काही रुग्णांना 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन'चा उपयोग होतो. मेंदूत खोलवर बारीक तार बसवतात, छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र ठेवतात आणि सौम्य वीज देतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली या आधुनिक पद्धतीची सुरुवात केली.

ही वीज रात्रंदिवस एकाच मापाने वाहायची. पण रुग्णाची तब्येत सकाळी एक, दुपारी दुसरीच! मग केव्हा किती वीज द्यायची, हे सांगणार कोण? ते मेंदूच सांगतो. कंपवातात मेंदूच्या सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या भागात सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांच्या 'बीटा' लहरींचा जोर वाढतो. औषध लागू पडलं की तो ओसरतो.

हे कळलं कसं? तार बसवल्यावर यंत्र जोडेपर्यंत काही रुग्णालयांत तिचं टोक थोडे दिवस बाहेर ठेवत. त्या दिवसांत, डोक्याला पट्ट्या असतानाच, रुग्णांनी आपल्या लहरी नोंदवू दिल्या. त्यांना स्वतःला त्यातून लगेच काही मिळणार नव्हतं. २०१३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आठ रुग्णांवर प्रयोग केला: बीटा वाढली की वीज सुरू, ओसरली की बंद. वीज निम्म्याहून कमी वेळ दिली, तरी हालचाल अधिक सुधारली. २०२५ साली अमेरिकेत अशा यंत्राला सरकारी मान्यता मिळाली.

यामुळे आजार मुळापासून बरा होत नाही. तोल आणि बोलणं यांत बहुधा फारसा फरक पडत नाही, आणि प्रत्येकाला ही शस्त्रक्रिया चालतेच असं नाही. ते मेंदूविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं.

देणगी म्हटलं की आपल्याला चेक आठवतो. त्या रुग्णांनी आजारपणातले आपले दिवस दिले, आणि त्याचं फळ दुसऱ्या कुणाच्या तरी पावलांना मिळालं. या पुस्तिकेच्या निमित्ताने आपण जे द्याल, ते याच वाटेवरचं आहे असं आम्ही मानतो.