जुनें एंजिन व जुना बाजार

गेल्या श्रावणांत आपल्या शाळेची सहल कपिलधारेस गेली होती. बीडहून दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरांत हें स्थान आहे. पावसाळ्यांत तेथील कड्यावरून पाणी कोसळतें. 'परमरहस्य' ह्या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधि तेथें असल्यामुळें कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. धबधबा तुम्हीं डोळे भरून पाहिला, त्यावर निबंधही लिहिले. ते तपासतांना मला असें आढळलें कीं, परतीच्या वाटेवर एका मळ्यांत आपण जें पाहिलें त्याविषयीं एकानेंही ओळ लिहिलेली नाहीं. ती उणीव मीच आज भरून काढीत आहें.

त्या मळ्यांत विहिरीच्या कांठीं, लिंबाच्या झाडाखालीं, एक तेलाचें एंजिन गंजत पडलें होतें. आपल्यांतील एकानें त्याच्या चाकावर पाय ठेवून विचारलें, "सर, हे भंगार का?" मळ्याचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, जवळच उभे होते. ते रागावले नाहींत. "बाळा, अजून झालं नाही, गुरुवारी होईल," एवढेंच बोलले. भंगारवाला किलोच्या भावानें तें नेण्यास येणार होता.

१९७२ च्या दुष्काळांत त्यांच्या वडिलांनीं ती विहीर खणली, आणि पाणी लागल्यावर कर्ज काढून हें एंजिन घेतलें. पुढें वीज आली, विजेचा पंप बसला, व एंजिन अडगळींत गेलें. परंतु शेतीला मिळणारी वीज पाळीची. कांहीं दिवस उजेडीं, तर कांहीं दिवस रात्रीं. थंडींत मध्यरात्रीं, पायाखालीं काय आहे हें न दिसतां, ह्या वयांत त्यांस हरभऱ्याला पाणी देण्यास जावें लागे. एंजिन चालतें तर ही यातायात चुकली असती. पण दोन वर्षें तें कोणाच्यानें चालू झालें नव्हतें. मीं म्हटलें, "काका, भंगारवाल्याला हा हंगाम थांबवा." तें म्हणतांना माझ्याजवळ पुस्तकी ज्ञानापलीकडे कांहीं नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

नांवाची पाटी कोणीं तरी काढून नेली होती, तरी एंजिनाची घडण ओळखूं येत होती. इंग्लंडांत डर्स्ली नांवाच्या गांवीं लिस्टर कंपनीनें १९३० च्या सुमारास हा नमुना काढला आणि १९८७ पर्यंत चालविला. उभें एकच नळकांडें, दोन्ही अंगांस दोन जड चाकें, आणि मंद चाल. राजकोटच्या कारखानदारांनीं त्याच नमुन्यावर एंजिनें बनविलीं, आणि तीं आपल्या विहिरींवर येऊन बसलीं. महाराष्ट्रही ह्या विद्येंत मागें नव्हता. साताऱ्यास सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांतच डिझेल एंजिनें बनूं लागलीं. हेच कूपर १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले. बेळगांवांत सायकलच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानें १९४६ सालीं खडकीस एंजिनांचा कारखाना उभारला. आपला बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता.

ह्या एंजिनांत ठिणगी नसते. मग तेल पेटतें कसें? सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें नळकांडें तापतें, हा अनुभव तुम्हां सर्वांस आहे. हवा एकाएकीं दाबली कीं तापते. रुडोल्फ डिझेल ह्या जर्मन एंजिनियरानें हेंच तत्त्व धरून १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें. हवा सोळा-सतरा पट दाबली म्हणजे तिची उष्णता पांचशें अंशांच्या वर जाते, आणि तींत तेलाचा बारीक फवारा शिरतांच तो पेट घेतो. दट्ट्याच्या खेपा चार: हवा आंत घेण्याची, ती दाबण्याची, पेटलेल्या वायूनें ढकलले जाण्याची, आणि धूर बाहेर लोटण्याची. ह्यांत काम देणारी खेप एकच. उरलेल्या तीन खेपा जड चाकांच्या वेगावर निघतात. चाकें एवढीं जड कां, ह्याचें उत्तर हेंच. सहा अश्वशक्तीचें असें एंजिन मिनिटास ६५० फेरे करतें. दर दोन फेऱ्यांत एकदां तेल पेटतें, म्हणजे मिनिटास ३२५ वेळां, सेकंदास पांचांहून थोडें अधिक. दुरून येणारा 'ढग् ढग्' आवाज तो हाच. नळकांड्याचा व्यास ११४·३ मिलिमीटर आणि दट्ट्याची खेप १३९·७ मिलिमीटर. तर एका खेपेस किती हवा आंत येते, हें गणित तुम्हीं करावें. उत्तर १,४३३ घन सेंटिमीटरांच्या आसपास आलें पाहिजे.

आतां हवा दाबलीच गेली नाहीं, तर ती तापणार नाहीं, आणि तेल कितीही घातलें तरी पेटणार नाहीं. पुढच्या शनिवारीं मळ्यांत जाऊन मीं हेंच आधीं पाहिलें. चाक हातानें हळूहळू फिरविलें असतां दाबण्याच्या खेपेस तें अडलें पाहिजे आणि सोडतांच उलट उसळलें पाहिजे. येथें तें मुकाट्यानें फिरत राहिलें. हवा कोठून तरी निसटत होती. असें होतें तेव्हां तीन ठिकाणीं कान लावावा. हवा घेण्याच्या नळीशीं 'सुस्' ऐकूं आलें तर आंत घेणारी झडप सैल. खालच्या तेलाच्या कोठींतून आलें तर दट्ट्याच्या रिंगा गेल्या. धुराच्या नळीशीं आलें तर धुराची झडप. आवाज धुराच्या नळींतून आला. गांवच्या मिस्त्रीनें एंजिनाचें डोकें उतरविलें, तों झडपेची कड एका बाजूनें जळून खांचलेली! मिस्त्री तिला 'वाल' म्हणतात. दोष एवढाच होता. परंतु बीडांत मिळालेली नवी झडप लांबीला अधिक निघाली. राजकोटास अनेक कारखाने, आणि प्रत्येकाच्या मापांत थोडेंथोडें अंतर. त्यांत पाटी गेलेली.

ऑक्टोबरांत परीक्षेच्या कामानिमित्त मला पुण्यास जावें लागलें. तेथें मंगळवार पेठेकडे जुना बाजार भरत असे. त्याचे वार दोन, बुधवार आणि रविवार. रविवार उपासनेचा, म्हणून मीं बुधवार धरिला. जमिनीवर ताडपत्र्या पसरून माणसें बसलेलीं, आणि त्यांवर काय नाहीं? कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, पितळी भोंगे, फियाटचे दिवे, जावा मोटारसायकलींच्या टाक्या, पान्हे, कड्या, साखळ्या. एक तरुण तासभर केवळ एका दाराच्या मुठीसाठीं फिरत होता. परदेशांत अशा वस्तूंचे स्वतंत्र मेळे भरतात. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील हर्शी येथें १९५० नंतरच्या दशकापासून, तर इंग्लंडांत ब्यूली येथें १९६७ पासून, जुन्या मोटारींचे शौकीन सुटे भाग विकण्यास व अदलाबदल करण्यास जमतात. आपल्याकडील बाजार शौकिनांसाठीं निघालेला नाहीं. तो विकणाऱ्याच्या पोटासाठीं आणि घेणाऱ्याच्या अडचणीसाठीं आहे. मला तो त्यामुळेंच अधिक आवडला. मोटारीच्या बाबतींत मात्र सावध असावें. गाडी अथवा तिचें एंजिन घ्यावयाचें तर क्रमांक कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं सरकारनें २०२१ सालीं वेगळे नियम केले. त्यांची नोंदणी होते, पण त्या धंद्यासाठीं वापरतां येत नाहींत.

माझ्या कामाच्या झडपा एका म्हाताऱ्या दुकानदाराजवळ डबाभर होत्या. त्यांनीं विचारलें, "माप आणलंय का, मास्तर?" मीं ऐटींत उत्तर दिलें, "लिस्टर पद्धतीची द्या." त्यांनीं माझ्याकडे क्षणभर पाहिलें, आणि दिली. मळ्यांत आल्यावर तिचा दांडा भोकांत शिरेना. दोष त्यांचा नव्हता. तुम्हांला वर्षभर मोजमाप शिकविणारा मी जुनी झडप न मोजतां पुण्यास गेलों होतों! काका कांहीं बोलले नाहींत. भंगारवाला मात्र मध्यें एकदां येऊन गेला होता, असें त्यांच्या सूनबाईंनीं सांगितलें.

मग प्रयोगशाळेंतील व्हर्नियर बाहेर निघाला. नववीच्या दोघां मुलांनीं जळक्या झडपेच्या दांड्याची जाडी, लांबी, तोंडाचा व्यास आणि कडेचा तिरपेपणा, चारही मापें तीनतीनदां घेऊन कागदावर मांडलीं. मीं आणलेल्या दांड्यांत अंतर भरलें फक्त ०·४ मिलिमीटर. नाताळच्या सुटींत तो कागद घेऊन मी पुनः त्याच ताडपत्रीसमोर बसलों. दुकानदारांनीं स्वतःच्या मापकानें एकेक झडप मोजली आणि अकरावी माझ्या हातांत ठेवली. पहिली परत घेण्यासही ते तयार होते, पण मला तसें करवलें नाहीं.

पुढचें काम मिस्त्रीचें व धीराचें. झडप आणि तिची बैठक यांमध्यें घासण्याचा मलम लावून तिला उलटसुलट फिरवीत राहावें लागतें. कडेवर सर्वत्र सारखें करडें वर्तुळ उमटलें म्हणजे ती नीट बसली. वरून रॉकेल ओतून तें झिरपत नाहीं हें पाहिलें. मग डोकें बसविलें, टाकींत पाणी भरलें, आणि चाक फिरवून पाहिलें. ह्या खेपेस तें अडलें आणि उलट उसळलें.

जानेवारींतील एका शनिवारीं काकांनीं स्वतः हँडल धरिलें. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवा, एंजिन उलट मारलें तर मनगट जाईल, ही सूचना त्यांनींच आम्हांस केली. धुराची झडप कळीनें उचलून धरली कीं आरंभीं हवा दाबली जात नाहीं व चाक हलकें फिरतें. वेग आला कीं कळ सोडावयाची. पहिल्या दोन वेळां नुसता पांढरा धूर निघाला. तिसऱ्या वेळीं एंजिनानें एक ठोका दिला, मग दुसरा, आणि मग तें थांबेचना. पट्ट्यावरचा पंप पाणी ओढूं लागला. काका हरभऱ्याच्या वाफ्यांकडे गेले व बराच वेळ परत आले नाहींत. त्यांच्या सूनबाईंनीं आम्हांस चहा दिला.

गुरुवारीं भंगारवाला आला, आणि जळकी झडप तेवढी घेऊन गेला. माझी चुकीची झडप प्रयोगशाळेच्या कपाटांत दुसऱ्या फळीवर आहे. यंदापासून नववीचा व्हर्नियरचा पहिला प्रयोग तिच्याच दांड्यावर होईल.