खोटा नकाशा आणि खरें टिपण
(जेम्स हॉर्सबर्ग याच्या चरित्रावरून पाठ)

रांजणगावाहून समुद्र फार दूर आहे. आपल्या मंडळींतील पुष्कळ वृद्ध बंधुभगिनींनीं तो जन्मांत पाहिलाही नसेल. तरी आज आम्ही एका खलाशाचें चरित्र पाठासाठीं घेतलें आहे. त्यांतील मुख्य गोष्ट कागदावर लिहिलेल्या शब्दाच्या खरेपणाची आहे, आणि कागदाशीं काम खेडेगांवच्या शिक्षकासही रोज पडतें.

१. बालपण व कैद. जेम्स हॉर्सबर्ग हा १७६२ सालीं स्कॉटलंड देशांतील फाइफ परगण्यांत, ईली नांवाच्या किनाऱ्यावरील गांवीं, एका गरीब घरीं जन्मला. गांवच्या शाळेंत थोडें गणित, जमाखर्च व नौकानयनाचीं मूलतत्त्वें शिकून सोळाव्या वर्षीं तो कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर नोकरीस लागला. त्या वेळीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें युद्ध चाललें होतें. १७८० सालीं फ्रेंचांनीं त्याचें जहाज पकडलें, आणि अठरा वर्षांचाही पुरा न झालेला हा मुलगा डंकर्क येथें कैदेंत पडला. सुटका झाल्यावर तो वेस्ट इंडीजकडे व पुढें कलकत्त्यास गेला, आणि १७८४ पासून हिंदी महासागरांतील व्यापारी जहाजांवर राहिला. पोटासाठीं घर सोडून पूर्वेकडे आलेल्या अनेक स्कॉच तरुणांपैकीं तो एक होता.

२. जहाज फुटलें. १७८६ च्या मे महिन्यांत तो ‘ॲटलास’ नांवाच्या जहाजावर कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी होता. जहाज बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, सिंहलद्वीपाकडे निघालें होतें. त्या काळीं दुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढतां येई. परंतु रेखांश काढणें फार कठीण असे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात. मुंबई व कलकत्ता यांच्यांत सुमारें साडेपंधरा अंशांचें अंतर आहे, म्हणून कलकत्त्यास माध्यान्ह मुंबईच्या सुमारें एक तास आधीं होते. समुद्रावर वेळेंत ४ मिनिटांची चूक झाली तर विषुववृत्ताजवळ ६० सागरी मैलांची चूक होते. ज्या जहाजावर अचूक घड्याळ नसे, तें वेग व दिशा यांवरून अजमासानेंच आपलें ठिकाण ठरवी.

‘ॲटलास’चा कप्तान या अजमासावर विसंबला होता. त्यांतच त्याच्याजवळचे नकाशे चुकीचे होते. त्यांत खरीं बेटें भलत्याच जागीं दाखविलीं होतीं, आणि पृथ्वीवर कोठेंच नसलेलीं बेटेंही काढलीं होतीं. त्या नसलेल्या बेटांचा शोध घेत जहाज निर्धास्त चाललें होतें. ३० मेच्या रात्रीं दिएगो गार्सिया या सखल प्रवाळबेटावर ढग आला होता, त्यामुळें सुकाणू धरणाऱ्यास बेट दिसलें नाहीं. पहाऱ्यावरचा अधिकारी झोंपला होता. जहाज खडकावर आदळलें. डोलकाठ्या व सुकाणू लाटेनें नेलें. दुसऱ्या लाटेनें तें उचलून बाहेरील खडकांपलीकडे किनाऱ्याकडे फेंकलें. त्या वेळीं भरती नसती तर एकही मनुष्य वांचला नसता, असें हॉर्सबर्ग यानें पुढें लिहिलें आहे.

त्याच वर्षीं मुंबई सरकारनें या बेटावर वसाहत करण्यासाठीं एक तुकडी पाठविली होती. तींत मोजणी करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर होता. त्याच्या नांवाचें अंदमानांतील पोर्ट ब्लेअर शहर २०२४ सालापासून श्री विजयपुरम म्हणून ओळखलें जातें. वसाहत टिकली नाहीं. हॉर्सबर्ग मात्र जीव वांचवून मुंबईस आला.

३. दुसरें शिक्षण. मुंबईहून तो चीनकडे जाणाऱ्या एका मोठ्या जहाजावर चढला. चुकीच्या नकाशानें आपण बुडालों, एवढें बोलून तो स्वस्थ बसला नाहीं. फावल्या वेळांत त्यानें ज्योतिष, मोजणी व नकाशे काढणें यांचा अभ्यास केला. ज्या ज्या सामुद्रधुनींतून जहाज जाई तेथील खोली, खडक, प्रवाह व वारे तो टिपून ठेवी. पुढें ‘ॲना’ या जहाजाचा तो कप्तान झाला. त्या दिवसांत फ्रान्सशीं पुन्हा युद्ध होतें व मॉरिशसचीं फ्रेंच जहाजें व्यापाऱ्यांस लुटीत. तरी त्याचें टिपण बंद पडलें नाहीं.

१८०२ च्या एप्रिलपासून १८०४ च्या आरंभापर्यंत तो वायुभारमापकांतील पारा नेमानें पाहून लिहीत असे. उष्ण कटिबंधाच्या समुद्रावर पारा दिवसांतून दोन वेळां चढतो व दोन वेळां उतरतो, आणि जमिनीजवळ ही चढउतार मंदावते, असें त्याला आढळलें. हा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८०५ सालीं प्रसिद्ध केला, व पुढील वर्षीं त्यास आपला सभासद करून घेतलें.

१८०९ ते १८११ या काळांत पूर्वेकडील जलमार्गांचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला. १८१० सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास नकाशांच्या कामावर मुख्य नेमिलें. १८३६ सालीं तो वारला. सिंगापूरजवळील पेद्रा ब्रांका या खडकावर १८५१ सालीं त्याच्या नांवाचा दीपस्तंभ उजळला. हेंही सांगितलें पाहिजे कीं, मुंबईहून चीनला कापसाबरोबर अफूही जात असे. खरा नकाशा बऱ्या आणि वाईट दोन्ही मालांस वाट देतो. तरी गरीब खलाशाचा जीव त्यानें वांचतो, हें खोटें होत नाहीं.

४. बोध. पहिला: तीं नसलेलीं बेटें बहुधा कोणी दुष्टाव्यानें काढलीं नसतील. एकानें ऐकीव लिहिलें, दुसऱ्यानें त्यावरून उतरवून घेतलें, आणि छापलेलें म्हणून तिसऱ्यानें त्यावर जहाज घातलें. आपल्याकडे दुष्काळांत धान्यवाटपाची यादी करावयाची असते. गतवर्षींचीच यादी उतरवून काढली, तर मेलेल्याचें नांव तसेंच राहतें आणि यंदा विधवा झालेल्या बाईचें नांव चढतच नाहीं. तिच्या चुलीस तो कागद खडकासारखाच आहे. म्हणून घरोघर जाऊन, पाहून मग लिहावें.

दुसरा: दिवसाकाठचें लहानसें टिपण एकेकटें क्षुल्लक दिसतें. पण विहिरीचें पाणी किती हात आहे, पाऊस किती पडला, शाळेंत किती मुलें आलीं, हें दोन वर्षें न चुकतां लिहिलें तर त्यावरून पुढील निर्णय घेतां येतो.

तिसरा: हॉर्सबर्ग यानें नकाशास दोष दिला, पण त्याबरोबर कप्तानाची अतिखात्री व पहारेकऱ्याची झोंपही लिहिली. पूर्ण हकीकत दिली म्हणूनच पुढच्यांस तिचा उपयोग झाला.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: (१) ‘ॲटलास’ फुटण्याचीं कारणें कोणतीं? त्यांपैकीं कोणतीं टाळतां आलीं असतीं? (२) रेखांश काढण्यास वेळ कां कळावी लागते? (३) आपल्या गांवांत न तपासतां उतरवून घेतलेला कोणता कागद आहे, आणि तो या आठवड्यांत कोण तपासील?