आधी पंखा, मग ज्योत

थिनरला आग लागते तेव्हा द्रव जळत नसतो, त्याची वाफ जळत असते. शाळेत शिकविलेला हा धडा मुले परीक्षेनंतर विसरतात. परंतु आपल्या कुटुंबांतील ज्या तरुणांना लहान कारखान्यांत मोटारींचे वाइंडिंग व्हार्निशमध्ये बुडवून किंवा पत्र्याला रंग देऊन भट्टीत वाळवावे लागते, त्यांनी तो विसरून चालणार नाही.

टोल्युइनचे उदाहरण घेऊ. हवेत त्याची वाफ शेकडा सुमारे १.१ ते ७.१ या प्रमाणात असली, की एक ठिणगी पुरते. वाफ त्याहून जास्त झाली तरी निर्धास्त राहू नये. दार उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पुन्हा स्फोटक होते.

आता हिशेब करू. एक लिटर टोल्युइनची वाफ साध्या उष्णतामानात सुमारे सव्वादोनशे लिटर भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व सात फूट उंच खोलीतील सगळी हवा स्फोटक होण्यास एवढी वाफ पुरेशी आहे. म्हणून वाफ खालच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्शाच्या आत ठेवावी, असा नियम आहे. म्हणजे दर लिटरमागे अशा चार खोल्यांइतकी ताजी हवा भट्टीतून गेली पाहिजे. भट्टी तापली, की हवा फुगते व स्फोटाची मर्यादाही खाली येते. तेव्हा याहूनही अधिक हवा लागते.

काटकसर घात करते ती येथेच. जळण वाचावे म्हणून कोणी धुराड्याची झडप लोटतो. वेळ वाचावा म्हणून कोणी ठिबकता माल तसाच आत ढकलतो. पंख्याचा पट्टा तुटलेला असतो, मोटार मात्र फिरत असते. आवाज ऐकून आपण निश्चिंत होतो.

यावर उपाय असे :

१. माल बाहेर पुरता निथळू द्यावा.

२. आधी पंखा लावावा. भट्टीच्या घनफळाच्या निदान चौपट हवा बाहेर गेल्यावाचून ज्योत पेटवू नये. ज्योत विझल्यास हेच पुन्हा करावे. विजेच्या भट्टीलाही हा नियम लागू आहे. लाल झालेली तार ठिणगीचेच काम करते.

३. हवेचा प्रवाह थांबताच उष्णता आपोआप बंद होईल, अशी कळ बसवावी. ती कोणीही बांधून ठेवू नये.

४. एका वेळी किती द्रावक आत जाऊ शकते, तो आकडा दारावर रंगवावा.

वासावरून अंदाज बांधू नये. नाकाला वासाची सवय होते. झडप लोटून वाचलेले जळण किती, हे महिनाअखेरीस मोजता येते. कामावर गेलेला मुलगा संध्याकाळी घरी परतला, याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही.