सोडलेला गुण



या रविवारच्या अभ्यासासाठी घेतलेला प्रश्न ऐकायला सोपा आहे, पण उत्तर द्यायला बसले की अवघड होत जातो. शाळांचा सामना चालू आहे. एका संघात एक अपंग मुलगा खेळतो आहे. (सरकारी कागदावर आता दिव्यांग लिहितात, शब्द बदलला, मैदान तेच आहे.) त्यालाही एक गुण मिळावा म्हणून समोरच्या संघाने मुद्दाम ढिले खेळावे का?

२०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एल पासो शहरातल्या दोन शाळांमध्ये बास्केटबॉलचा सामना होता. एका संघाची व्यवस्था पाहणारा एक विद्यार्थी होता, त्याला बौद्धिक अपंगत्व होते. प्रशिक्षकांनी शेवटच्या दीड मिनिटासाठी त्याला खेळायला उतरवले. सोबत्यांनी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा चेंडू दिला, पण नेम काही लागेना. वेळ संपता संपता चेंडू रेषेबाहेर गेला आणि तो आत टाकण्याची पाळी विरुद्ध संघाची आली. त्या संघातल्या एका मुलाने याला नावाने हाक मारली आणि चेंडू आपल्या गड्याला न देता याच्याच हातात टाकला. या वेळी चेंडू बरोबर टोपलीत गेला. लोकांनी त्याला उचलून घेतले. बातमी जगभर गेली आणि वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले.

आता दुसरी घटना, सात वर्षे आधीची. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत असाच एक स्वमग्न विद्यार्थी, तोही संघाची व्यवस्था पाहणारा, शेवटची चार मिनिटे खेळायला उतरला. पहिले दोन नेम चुकले. मग त्याचा हात असा बसला की त्याने एकट्याने २० गुण केले, त्यांत तीन-तीन गुणांच्या सहा टोपल्या. लोकांनी त्यालाही खांद्यावर घेतले. पण ते गुण त्याला कोणी सोडलेले नव्हते.

दोन्ही मुलांचा आनंद खरा होता. मात्र या दोन मुलांपैकी तुम्ही कोण व्हाल, असे विचारले तर? मला वाटते, घरातले लहान मूलही क्षणात उत्तर देईल.

आपल्याकडे हा प्रश्न मुलांनी फार पूर्वीच सोडवलेला आहे. त्यांच्याकडे त्यासाठी शब्दही आहे: लिंबूटिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य यायचे नाही. ही तडजोड सुंदर आहे, कारण ती उघड असते. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ठरते आणि कोणी कोणाला फसवत नाही. पण लिंबूटिंबूची गोष्ट तिथेच संपत नाही. एक दिवस तेच पोर पाय आपटून म्हणते, "मी लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या!" राज्य येणे म्हणजे खरे तर शिक्षा, आणि ते मूल ती शिक्षा मागते. आपल्याला खेळातला गडी म्हणून मोजावे, एवढेच त्याला हवे असते. अपंग मुलाच्या बाबतीत आपण काय करतो? त्याला जन्मभराचा लिंबूटिंबू करून टाकतो आणि तो पाय आपटतो तेव्हा टाळ्या वाजवतो.

समजा, आपल्या तालुक्यात शाळांची कबड्डी चालली आहे आणि एका हाताने अधू असलेला मुलगा चढाईला आला. समोरचे सात गडी त्याचा हात लागण्याआधीच लोळण घेतात. बाहेर टाळ्या पडतात, पाहुणे फोटो काढतात. तो मुलगा मध्यरेषेकडे परततो तेव्हा त्याच्या मनात काय असेल? खरी पकड आणि खोटी पकड यांतला फरक कबड्डी खेळणाऱ्याच्या अंगाला कळतो. तो तुमच्याकडे पाहून हसेल, कारण तुम्ही सगळे इतके खूश आहात. मग दया कोणी कोणावर केली?

यावर एखादी आई म्हणेल, "फादर, हे तत्त्वज्ञान राहू द्या. माझ्या लेकराला आयुष्यात दोन मिनिटे आनंद झाला, तर कुणाचे काय बिघडले?" या आईला मी चूक म्हणणार नाही. ज्या मुलाला कोणी खेळायलाच बोलावत नाही, त्याच्या आईने मिळालेला गुण नाकारावा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तिचे वाक्य नीट ऐका. वर्षभर मुलगा मैदानाबाहेर बसलेला असतो, हे तिचे खरे दुःख आहे. एका गुणाने आपण त्या वर्षाची भरपाई करू पाहतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी दयेचा अर्थ सांगितला आहे: दुसऱ्याच्या उणिवेने मन कळवळणे आणि मदतीला धावणे. म्हणजे आधी उणीव कोणती ते ओळखावे लागते. त्या मुलाकडे उणीव गुणांची आहे, की खेळातल्या जागेची? अक्वायनस आणखी एक उदाहरण देतात. शंभर नाणी देणे लागणारा माणूस दोनशे देतो, तेव्हा तो न्याय मोडत नाही, औदार्य दाखवतो. कारण वरची शंभर त्याच्या स्वतःच्या खिशातली असतात. एल पासोच्या त्या मुलाने चेंडू स्वतःहून दिला, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. पण शिक्षकांनी बाहेरून ओरडून सांगितले, "सोडा रे त्याला!" तर ते दान कोणाच्या खिशातले? वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मुलांच्या. हुकमाने केलेल्या औदार्यात शिक्षकांचे नाव होते, मुले मात्र त्यातून खोटे खेळायला शिकतात.

मग अपंग मुलाने स्पर्धेत उतरूच नये का? उतरावे, आणि त्याची वाट नियमांतून काढावी. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो वाजतो आणि खालून टाकतात. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध लागतात. पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात आणि पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एक टप्पा पडलेला झेल घेतला तरी फलंदाज बाद. सवलत आहे, भरपूर आहे. पण ती नाणेफेकीच्या आधीची आहे. पुढे गोलंदाज त्रिफळा उडवायलाच चेंडू टाकतो. या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला.

आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पाहा. लष्करातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पायांनी अधू झाला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ दिली आणि पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक आणले. अपंगत्वाच्या प्रमाणात गट पाडलेले होते, पण पाण्यात उतरल्यावर शेजारचा कोणी थांबला नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी १९६८ साली सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये तर खेळाडू आधीच्या कामगिरीनुसार तोलामोलाच्या गटांत घालतात, आणि जो मनापासून पूर्ण जोर लावत नाही त्याला बाद करण्याचा नियम आहे. तिथे लुटुपुटूचे चालत नाही!

तरी एखादे मूल असे असते की कोणताच नियम त्याला पुरत नाही. त्याला डावच समजत नाही, फक्त सगळ्यांबरोबर धावायचे असते. तिथे गुणफलक बंद ठेवावा आणि खेळू द्यावे. मिळालेला चेंडू त्याला हसू देत असेल तर खुशाल द्यावा. त्यात फसवणूक नाही, कारण तिथे स्पर्धाच नाही. अडचण येते ती अशा मुलावरून ठरवलेला न्याय सगळ्याच अपंग मुलांना लावला जातो तेव्हा.

पुढच्या वेळी गावात मुलांचे सामने भरतील तेव्हा संघ पाडण्याआधी त्या मुलालाच विचारून पाहा, "तुला कसे खेळायचे आहे?" अधू हात धरून ओढायचा नाही, एवढाच नियम कदाचित तो मागेल. बाकीची पकड पूर्ण जोराने. काय ठरवायचे ते मुलांवर सोडले तरी चालेल; लिंबूटिंबूचा नियमही कोणा मोठ्या माणसाने केलेला नव्हता.