पाण्यात पडल्यावर

खेड्यातील मुले पोहायला कशी शिकतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. विहिरीच्या काठावर मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधतात. कमरेला दोर असतो आणि दोराचे दुसरे टोक चाचा किंवा मामू यांच्या हातात असते. मुलगा उडी मारतो, नाकातोंडात पाणी जाते, हातपाय झाडतो आणि काही दिवसांत डबा सोडून पोहू लागतो. शहरातील मुले तरणतलावावर शिकतात. तेथे पाणी स्वच्छ असते, तळ दिसतो आणि काठावर शिट्टी घेतलेले शिक्षक उभे असतात.

दोन्ही पद्धती चांगल्याच आहेत. तरीही पट्टीचा पोहणारा बुडाला, अशी बातमी पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतेच. असे का होते?

कारण अपघाताने पाण्यात पडणारा माणूस पोहण्याच्या तयारीत नसतो. त्याच्या अंगावर पूर्ण कपडे असतात, पायांत बूट असतात. पाणी गढूळ असते, तळाचा अंदाज येत नाही. गार पाण्यात एकदम पडल्यावर श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणीच आत जाते. तलावात शिकलेले हातपाय मारणे त्या पहिल्या मिनिटात आठवतही नाही.

हॉलंड हा कालव्यांचा देश आहे. तेथील लोकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. तेथे मुलांच्या पोहण्याच्या परीक्षा असतात आणि त्यांतील काही भाग मुलांना कपडे आणि बूट घालून पार पाडावा लागतो. पाण्याखाली एक मोठे कापड लावलेले असते. त्याला भोक असते आणि मुलाने बुडी मारून त्या भोकातून पलीकडे जायचे असते. पुढच्या परीक्षेत तर लांब बाह्यांच्या कपड्यांवर पावसाळी कोटही चढवतात! आपल्याला हसू येईल, पण कालव्यात पडणारे मूल कोट काढून ठेवून पडत नाही.

ओले कपडे माणसाला खाली ओढतात, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. पाण्यात असेपर्यंत भिजलेल्या सुती कपड्यांचे वजन फारसे जाणवत नाही. उलट सुरुवातीला कपड्यांत अडकलेली हवा तरंगायला थोडी मदतच करते. खरा त्रास दोन ठिकाणी होतो. लांब कुर्ता आणि सलवार पायांना अडवतात, त्यामुळे पोहणारा लवकर थकतो. आणि पाण्यातून बाहेर येताना त्याच कपड्यांत पाण्याचे ओझे असते, ते हातांना पेलवत नाही. म्हणून पाण्यात पडल्याबरोबर काठाकडे धडपडू नये. गळ्यात ओढणी असेल, तर ती मोकळी करावी. मग डोके मागे टाकावे, कान पाण्यात जाऊ द्यावेत, हात पसरावेत आणि पाठीवर तरंगत श्वास ताब्यात आणावा. ओरडण्यासाठी हात वर करू नयेत. हात जितके पाण्याबाहेर, तितके तोंड पाण्याखाली. हे सारे वाचून येत नाही. कंबरभर पाण्यात, जाणकार माणूस जवळ उभा असताना, रोजच्या कपड्यांत त्याचा सराव करावा लागतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील शेततळे पाहा. पाणी जिरू नये म्हणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. ओला कागद शेवाळाने इतका गुळगुळीत होतो, की उतारावर पाय ठरत नाही. पोहणारा काठापर्यंत येतो, दोन पावले चढतो आणि घसरून पुन्हा पाण्यात जातो. असे पाच-दहा वेळा झाले की दम संपतो. येथे पोहण्याची कला अपुरी पडते. काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला असेल, तर लहान मूलसुद्धा वर येऊ शकते. खर्च म्हणाल, तर कागदाच्या किमतीपुढे काहीच नाही. तरी पुष्कळ शेततळ्यांवर हा दोर दिसत नाही.

याहून दुःखद गोष्ट दुसरीच आहे. एक भाऊ बुडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, मग चुलत भाऊ धावतो आणि एका घरातून तीन जनाजे निघतात. प्रेम कोणाचेच कमी नसते. पण बुडणारा माणूस त्या क्षणी भाऊ ओळखत नाही. त्याला फक्त हवा हवी असते. जे हाती लागेल ते दाबून तो वर यायला पाहतो, आणि हाती लागतो तो वाचवायला आलेला.

बांगलादेशात घराघरापाशी पुकुर, म्हणजे तळी असतात. २००३ सालच्या पाहणीत असे दिसले, की तेथे एक वर्षावरील मुलांच्या मृत्यूंचे बुडणे हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून २००६ साली तेथे मुलांना पोहायला शिकवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. तरणतलाव बांधायला पैसा नव्हता. त्यांनी गावच्याच तळ्यात बांबूचे कुंपण आणि बांबूचा मचाण उभारला. लहान मुले त्या मचाणावर उभी राहून शिकतात. मुली सलवार-कमीज घालून पाण्यात उतरतात आणि त्यांना शिकवायला गावातीलच बाया असतात. पंचवीस मीटर पोहणे, तीस सेकंद पाण्यात तरंगत राहणे आणि दुसऱ्याला काठावरूनच वाचवणे, हे तीन धडे पक्के झाले की शिक्षण पुरे. शर्यत नाही, पदक नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होते.

त्यातील तिसरा धडा नीट समजून घ्या. समजा, तुमचा धाकटा भाऊ खदानीच्या पाण्यात पडला आहे. बुडणारा सहसा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वासच नसतो. त्याचे डोके मागे कललेले असते, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते आणि पाहणाऱ्याला वाटते, की खेळतो आहे. तुम्ही आधी मोठ्याने हाक मारून माणसे गोळा करा. मग जमिनीवर पालथे झोपा, म्हणजे तो तुम्हाला आत ओढू शकणार नाही. कोणी तुमचे पाय धरले तर उत्तमच. काठी, बांबू, एकमेकींना बांधलेल्या दोन ओढण्या, जे असेल ते त्याच्याकडे करा. तो दूर असेल, तर झाकण लावलेला प्लॅस्टिकचा कॅन फेका. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भलतीकडे जातो. कॅनला दोर बांधलेला असेल, तर भावाला ओढूनही घेता येईल. पाण्यात मात्र उतरू नका.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा गरगर फिरवून पोटातील पाणी काढण्याची रीत काही गावांत अजून आहे. त्यात मोलाचा वेळ जातो. त्याला उताणे निजवावे. श्वास चालत नसेल, तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. श्वास कसा द्यावा, हे प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर शिकवतात. तुमच्या शाळेत असा वर्ग झाला नसेल, तर सरांकडे किंवा आपांकडे मागणी करा.

स्वाध्याय

१. पोहता येणारा माणूसही शेततळ्यातून बाहेर का येऊ शकत नाही?
२. ‘बुडणारा माणूस त्या क्षणी भाऊ ओळखत नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. बांगलादेशातील मुलांना कोणते तीन धडे देतात?
४. तुमच्या वस्तीजवळील विहिरी, तळी व खदानी मोठ्या माणसांबरोबर पाहा. कोठे दोर आहे आणि कोठे नाही, याची नोंद करून वर्गात वाचून दाखवा.